मायराला ऐकून कळतं

१५ सप्टेंबर, रविवार

हो म्हणून बसले. आता निस्तरा.

काल मंडळाचा गणपती. हॉलच्या किचनमध्ये मी मोदकांची ताटं लावत होते, तर रश्मी आत आली, दार लोटलं आणि म्हणाली, "अनू, मायराबद्दल बोलायचंय." मला वाटलं, लेकीला मंडळाच्या नाचात घेतलं नाही म्हणून तक्रार असेल. तर हिचा आवाज एकदम खाली. मायराला वाचता येत नाही नीट. म्हणजे येतं, पण ओळी सरकतात, अक्षरं एकमेकांत घुसतात, पानाच्या तळाशी पोचेपर्यंत वरचं विसरलेलं असतं. तेच वाचून दाखवलं की एकदा ऐकून पाठ. एवढी वर्षं रश्मीच रोज संध्याकाळी धडे वाचून दाखवत आली. आता इयर इलेव्हन, उन्हाळ्यात जीसीएसई, म्हणजे इथली बोर्डाची परीक्षा, आणि हिचा दवाखाना सुटायला सात वाजतात. जमत नाही म्हणाली.

"मग शाळेत सांगू या ना," मी म्हटलं. "सारा आहे, अशा मुलांचं बघणं हे तिचं कामच आहे. तपासणी होईल, परीक्षेत जादा वेळ मिळेल, वाचून दाखवायला माणूससुद्धा मिळेल."

"नको ग. कुठे नोंद नको. तिला मेडिसिनला जायचंय. उदय तर ऐकूनच घेत नाही, आमच्या घरात असलं कोणी नाही म्हणतो. आणि इथे," तिने हॉलकडे मान वळवली, "इथे कळलं तर काय होईल ते तुला सांगायला नको. हिस्ट्रीला तूच आहेस ना तिला? तूच बघ काहीतरी. घरातली गोष्ट घरात राहू दे."

रश्मी जीपी आहे, फॅमिली डॉक्टर. रोज दुसऱ्यांच्या पोरांना तपासणीला पाठवते. हे ओठांवर आलं होतं, गिळलं. ईरा झाली तेव्हा यशोधन ऑन कॉल होता, दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोला भूल देत होता, आणि लेबर वॉर्डात माझा हात धरून बसली होती ती रश्मी. इंग्लंडात आम्ही नवे, मेडनहेडमध्ये तेव्हा मला दुसरं कुत्रं ओळखत नव्हतं.

मान डोलावली मी. रश्मीने डोळे पुसले आणि लगेच "तूप कमी पडलंय का ग?" असं बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

युक्ती सापडली! पॉडकास्ट. प्रत्येक धड्याचा एक छोटा एपिसोड, माझ्याच आवाजात, शाळेच्या साइटवर टाकायचा. सगळ्या वर्गासाठी. सगळ्यांसाठी म्हटल्यावर मायराचं नाव कुठे येतच नाही. कसली हुशार मी.

पहिला एपिसोड आज कपाटात बसून रेकॉर्ड केला. खरंच कपाटात. बाकी घरात आवाज घुमतो. एका बाजूला माझ्या सिल्कच्या साड्या, दुसऱ्या बाजूला यशोधनचे हिवाळी कोट, मध्ये मी आणि फोन. विषय — लंडनचा प्लेग. मढी नेणारी गाडी रस्त्यातून कशी जायची ते रंगात येऊन सांगत होते, तर ईराने दार वाजवलं, "आई, तू आत का बोलतेस? कोण आहे आत?" परत पहिल्यापासून.

२ ऑक्टोबर, बुधवार

चाललंय. नुसतं चाललं नाही, धावतंय. ल्यूक म्हणून एक पोरगा आहे, चार वर्षांत त्याने एक होमवर्क दिलं असेल, तेही कुणाचं तरी उतरवून. तो आज वर्गात म्हणाला, "मिस, बसमध्ये दोनदा ऐकलं. उंदरांवर उगाच सगळं ढकललं ना?"

आणि मायरा. प्रश्न विचारला की पहिला हात तिचा. तारखा, कारणं, कोणी काय म्हटलं, सगळं ओळीने. माझ्याच एपिसोडमधली वाक्यं परत देते, पण वर स्वतःचं काहीतरी जोडून. आज म्हणाली, ज्यांना पळून जाता आलं त्यांनीच प्लेगबद्दल लिहून ठेवलं, मग मेलेल्यांचं कोण सांगणार. पंधरा वर्षांची पोर.

रश्मीला मेसेज केला — "पोरगी तल्लख आहे तुझी." तिने हात जोडलेले पाठवले, पाच-सहा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज साराने विचारलं. स्टाफरूममध्ये, चहाचा मग घेऊन शेजारी येऊन बसली. म्हणाली, जादा वेळ, वाचून दाखवणारा, असलं काही कोणासाठी मागायचं तर शाळेने आधी तपासणी करावी लागते, आणि बोर्डाला पुरावा लागतो, की हे मूल वर्गातही नेहमी अशाच मदतीने काम करतं. म्हणून आत्तापासून सुरुवात. "तुझ्या वर्गातलं कोणी माझ्या नजरेतून सुटलंय का? मला मायराबद्दल शंका येते. तोंडी इतकी चांगली आणि लिखाण एवढंसं."

हीच वेळ होती. ताटात वाढून आली होती.

मी म्हटलं, "मायरा? छे. परफेक्शनिस्ट आहे, म्हणून हळू लिहिते. घरचे ओळखीचे आहेत माझ्या. व्हेरी सपोर्टिव्ह फॅमिली."

सारा म्हणाली, "ग्रेट, तू ओळखतेस म्हणजे प्रश्नच नाही." आणि पुढच्या मुलाकडे वळली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सपोर्टिव्ह फॅमिली. काय शब्द शोधला. जीभ कशी झडली नाही माझी.

५ नोव्हेंबर, मंगळवार

हेडसाहेबांनी बोलावलं. वाटलं, कळलं! तर ते खुशीत. पॉडकास्टचं त्यांच्या कानावर गेलंय, सायन्सवाल्यांनाही करायचेत, जानेवारीच्या ट्रेनिंगच्या दिवशी मी सगळ्या स्टाफपुढे बोलावं. "ऐकून शिकणाऱ्या मुलांसाठी तुम्ही दार उघडलंत," म्हणाले.

यशोधनला सांगितलं तर म्हणाला, "वा, पार्टी." त्याला रश्मीचं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो काय म्हणेल ते मला माहीत आहे, म्हणूनच.

बाहेर संध्याकाळपासून फटाके, इंग्रजांचा सण. ईरा गॅलरीतून हलायला तयार नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मॉकचे, म्हणजे सराव परीक्षेचे, पेपर तपासतेय. मायराचा मुद्दाम शेवटी ठेवला होता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की फ्रेम करून लावावं. दुसऱ्यात एक उतारा वाचून त्यावर लिहायचं होतं. तिथे चार ओळी, तीन खोडलेल्या. तिसरा अर्धा. पुढे कोरं. पान उलटलं, कोरं. अजून उलटलं, तेही कोरं. अगदी शेवटच्या पानावर पेन्सिलने बारीक "सॉरी मिस."

सगळं येत होतं तिला. मंगळवारी वर्गात तोंडी विचारलं होतं मी, एकूण एक. पण परीक्षेत माझा आवाज कुठून येणार? तिथे शंभर पोरं, टिकटिकणारं घड्याळ आणि छापलेला कागद. मी तिला कुबडी दिली आणि शर्यतीच्या दिवशी ती बाहेर काढून ठेवायची असते, हे मला माहीत असून दिली.

ग्रेड तीन. म्हणजे नापास.

१ डिसेंबर, रविवार

पेपरचं सांगायला रश्मीकडे गेले. पोहे केले होते, वर ओलं खोबरं, माझ्यासाठी मुद्दाम. म्हणजे तिला अंदाज होता.

"मॉक आहे ग ती," म्हणाली. "मॉकमध्ये सगळेच पडतात."

मी म्हटलं, "रश्मी, कोरी पानं आहेत. मे महिन्यातही कोरीच राहणार. साराला सांगू या. अजून वेळ आहे."

तेवढ्यात उदय आला, जॉगिंगहून, घामेजलेला. "काय, हिस्ट्रीत दिवे लावले म्हणे? ट्यूटर बघतो रीडिंगचा एक. आळस आहे हो तो, दुसरं काही नाही. मी तिच्या वयाचा असताना कंदिलात वाचायचो." नाशिकच्या कॉलेज रोडला कंदील! माझ्याच वर्गात होता याचा भाऊ, यांच्याकडे तेव्हा कलर टीव्ही होता.

तो आंघोळीला गेला. रश्मी हळूच म्हणाली, "अनू, तू शब्द दिलायस."

मायरा वर होती. खाली आलीच नाही. मी पोहे संपवले. एवढं सगळं होऊन संपवले मी ते.

६ जानेवारी, सोमवार

झालं माझं भाषण. सगळा स्टाफ. स्लाइड, आलेख, एपिसोडचा तुकडा वाजवला तर हसले सगळे, शेवटी टाळ्या. ल्यूकचं सांगितलं. होमवर्क देणाऱ्यांची संख्या कशी वाढली ते सांगितलं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात, हेच तर वाईट.

प्रश्नोत्तरांत साराने हात वर केला. "तुझ्या मते सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला?"

"ल्यूकला," मी म्हटलं.

केक होता नंतर. सगळे येऊन पाठ थोपटत होते आणि मला वाटत होतं, कोणीतरी एक सणसणीत कानाखाली वाजवावी.

२५ जानेवारी, शनिवार

हळदीकुंकू, रश्मीकडे. वीस-पंचवीस बायका, काळ्या साड्या, बाहेर गारठा. इल्फर्डहून अलकाताई आल्या होत्या, तिळाच्या वड्या घेऊन. रश्मीने वाण म्हणून कॉफीचे मग दिले. सगळं नेहमीसारखं.

मी रिकामे कप घेऊन किचनमध्ये गेले तर मायरा भांडी विसळत होती. शाळेत मी मिस, इथे मावशी. पाठ माझ्याकडेच ठेवून, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "मावशी, आईने तुला सांगितलाय ना? माझा रीडिंगचं."

"काय रीडिंगचं?"

"गणपतीला. मी दाराच्या बाहेर होते. मला तूप आणायला पाठवला होता." मग वळून माझ्याकडे नीट बघितलं. "इट्स फाइन. मला फक्त माहीत पायजे. म्हणजे, तू पॉडकास्ट माझ्यासाठी करते का?"

हो म्हणायचं होतं. पोर सरळ विचारत होती. आणि बाहेर रश्मी उखाण्याला हसत होती, अलकाताई माझं नाव घेऊन हाका मारत होत्या.

"नाही ग," मी म्हटलं. "ते आम्ही वेगळंच बोलत होतो. पॉडकास्ट सगळ्यांसाठीच आहेत. तुझं काही नाही त्यात."

"ओके," म्हणाली. आणि माझ्या हातातले कप घेऊन विसळायला लागली.

बाहेर येऊन मी तिळगूळ घेतला, गोड बोला म्हणाले. सगळ्यांना म्हणाले.

२६ जानेवारी, रविवार

तिने मदत मागितली होती. मला आत्ता उमगतंय. तिला फक्त एक मोठं माणूस हवं होतं, जे म्हणेल, हो, मला माहीत आहे, आणि तू मठ्ठ नाहीस. मी तिला सांगितलं की तिच्यात काही नाही. म्हणजे जे आहे तो तिचाच दोष. असंच ऐकलं असेल ना तिने? तिला तर ऐकलेलं सगळं लक्षात राहतं.

९ फेब्रुवारी, रविवार

यशोधनला सांगितलं शेवटी. तो ईराच्या बुटांना पॉलिश करत होता. ब्रश थांबला.

"पेशंटच्या नवऱ्याने मला येऊन सांगितलं, हिला पेनिसिलिन चालत नाही पण कुठे लिहू नका, घरातली गोष्ट आहे. मी काय करायचं? लिहायचं नाही?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? तू त्या शाळेत मास्तरीण आहेस की मंडळाची कार्यकर्ती?"

मग मी चिडले. नको ते बोलले. म्हटलं, तू ऑन कॉल होतास तेव्हा ती होती, तुझ्या जागी ती होती, म्हणून मला तिचं देणं आहे. तो एवढंच म्हणाला, "देणं तुझं आहे ना? मग पोरीकडून का फेडून घेतेस?"

बोलायची सोय नाही या माणसाशी. खरं बोलतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

साराने सगळ्यांना कळवलंय, बोर्डाकडे अर्ज जाण्याची मुदत आली. तपासणीला लागणारा वेळ धरून, नवीन नाव असेल तर पुढच्या आठवड्यातच सांगा. त्यानंतर हात वर.

३ मार्च, सोमवार

ठरवलं. पण पाठीत खंजीर नको, आधी रश्मीला सांगू म्हणून फोन केला. दुपारच्या सुट्टीत, गाडीत बसून.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "अनू, मी तिला दहा वर्षं वाचून दाखवलंय. तुला वाटतं मला कळत नाही तिला काय आहे? मला तिच्या पहिलीपासून कळतंय. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगितलं तर सगळे विचारतील, आई डॉक्टर आणि एवढी वर्षं झोपली होती का? उदय विचारेल. ती विचारेल." मग म्हणाली, "तू सांगितलंस तर आपलं संपलं."

म्हणजे लाज मायराची नव्हतीच कधी. लाज रश्मीची. आणि मी तिला दगड मारायला जावं तर माझीही तीच गत आहे. आता सांगायला गेले तर सारा विचारणारच, तू ऑक्टोबरात काय म्हणाली होतीस? नोकरीवरही येईल कदाचित.

दोन बायका स्वतःची अब्रू सांभाळतायत आणि मध्ये ती पोर.

६ मार्च, गुरुवार

गेले होते. देवाशपथ गेले होते.

आज जागतिक पुस्तक दिन. शाळेत सगळ्यांनी वेष करून यायचं. वाचता न येणाऱ्या पोरीचा विषय काढायला काय दिवस निवडला मी! आमच्या हिस्ट्रीवाल्यांनी ट्यूडर दरबार ठरवला होता, मी राणी. गळ्यात कागदाची मोठी झालर, तोंडाला पावडर. तशीच साराच्या दारापर्यंत गेले. आत कोणीतरी पालक बसले होते. साराने काचेतून हात केला, दोन मिनिटं थांब.

थांबले. काचेत माझं तोंड दिसत होतं, पांढरंफटक. मनात म्हटलं, या अवतारात कसं सांगायचं, थट्टा वाटेल तिला. उद्या साध्या कपड्यात येते. आणि निघाले. जिना उतरताना इतकं हलकं वाटलं की माझीच मला शिसारी आली.

वर्गात मायरा वेष न करता बसली होती. म्हणाली, "मला कोणतं पुस्तक सुचलं नाही, मिस."

७ मार्च, शुक्रवार

ईराला ताप. घरी राहिले. ताप सकाळी दहालाच उतरला होता.

१० मार्च, सोमवार

आज पहिल्या तासाआधीच साराच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बरं झालं आलीस, तुला बोलावणारच होते. शुक्रवारी मायरा स्वतः आली होती. उद्या तपासणी आहे तिची, अर्ज वेळेत जाईल." म्हणाली, मुलीला लिहून देणं जमेना, म्हणून तिने सगळं बोलून रेकॉर्ड करून आणलं, अगदी एपिसोडसारखं. थोडं ऐक. लावलं.

मायराचा आवाज, इंग्लिशमध्ये, न अडखळता. लहानपणापासूनचं सगळं. आणि शेवटी — "आईबाबांना मी कधी कळू दिलं नाही. अनू मिसना तर यातलं काहीच माहीत नाही. मी त्यांच्यापासून फार नीट लपवलंय. प्लीज, त्यांना कोणी काही बोलू नका."

साराने फोन बंद केला. माझ्या हातावर हात ठेवला. "तू स्वतःला दोष देऊ नकोस. तुला कळणं शक्यच नव्हतं."

मी हात काढून घेतला.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "सप्टेंबरपासून. आणि मला माहीत आहे, हे मायराला माहीत होतं."